शाबान उस्तादांचा ओळंबा

शाबान उस्तादांनी चिमूटभर माती जिभेवर ठेवली, डोळे मिटले आणि बाजूला थुंकून म्हणाले, "खारट आहे. ही गाडी परत पाठव."

"सकाळपासून ही तिसरी, उस्ताद," यदुल्ला म्हणाला. चाळीस वर्षं तो त्यांच्या हाताखाली चिखल मळत आला होता आणि तेवढीच वर्षं त्यांना टोमणे मारत आला होता. "माती बघताय की नवरी? एक म्हणून पसंत पडत नाही."

"नवरा खारट निघाला तर तुझ्या बायकोसारखं निभावून नेता येतं. भिंतीला ते जमत नाही."

मजूर हसले. मचाणावर उभ्या असलेल्या मोनीरेलाही हसू आलं, पण तिने नकाशा तोंडापुढे धरला. कामावर ती उस्तादांची मुलगी नव्हती, इंजिनियर होती. निदान तिची तशी समजूत होती.

शरदातला आबान महिना सरत आला होता. मेहरबाग गावातली डाळिंबं उतरवून झाली होती आणि शीरकूह डोंगराच्या माथ्यावर बर्फाचा पहिला पांढरा पट्टा दिसू लागला होता. गावातली ही बाग कतायून खानमला आजोळकडून मिळाली होती. तेहरानात वीस वर्षं योग शिकवून झाल्यावर तिच्या मनात आलं, की शहरात दमलेल्या माणसांना आठवडाभर राहता येईल, आसनं करता येतील आणि नुसतं स्वस्थ बसता येईल अशी जागा इथे बांधावी. तिने तिघांकडून आराखडे मागवले आणि मोनीरेचा निवडला. झाडं न तोडता, बागेच्या वाकड्यातिकड्या बांधांमधून खोल्या फिरवल्या होत्या. मधोमध योगाची गोल शाळा, अर्धी जमिनीत उतरवलेली. डोंगराच्या पोटातून येणारं कनातचं, जमिनीखालच्या कालव्याचं पाणी तिच्या एका कडेने हातभर रुंदीच्या पाटातून वाहणार, वाऱ्याच्या बुरुजातून खाली आलेली झुळूक त्या पाण्यावरून सरकत आत येणार. वर एकच घुमट, कच्च्या विटांचा. खांब नाही, तुळई नाही, लोखंडाचा तुकडा नाही. माथ्यावर आकाशाला एक भोक.

"असा घुमट आता बांधतं कोण?" कतायून खानमने तेव्हा विचारलं होतं.

"मेहरबागेत एक जुने उस्ताद आहेत," मोनीरे म्हणाली होती. ते आपले वडील आहेत हे तिने पहिला महिनाभर सांगितलं नाही. नंतर यदुल्लाच बोलून गेला.

त्या दिवशी दुपारी कतायून खानम वास्तुकलेच्या दोन विद्यार्थिनींना घेऊन आली. दारातूनच तिने सगळ्यांना "थकवा न लागो" म्हटलं. मुली भिंतींच्या मधोमध उभ्या राहून वर बघत राहिल्या. घुमट अजून नव्हता. दोन पुरुष उंचीच्या गोल भिंती आणि वर निळं आकाश, एवढंच होतं. तरी आवाज आपोआप खाली आले.

"खानम," चष्मा लावलेल्या मुलीने वही उघडून विचारलं, "साच्याशिवाय घुमट उभा करायचा, हे शास्त्र तुम्हाला कोणी शिकवलं?"

"विद्यापीठात," मोनीरे म्हणाली. "तिसऱ्या वर्षाला वीटकामाचे फार चांगले प्राध्यापक होते आम्हाला."

शाबान उस्ताद नेमके त्याच वेळी चहाचं तबक घेऊन आले होते. हे गृहस्थ या बाईंचे वडील आहेत हे त्या मुलीला ठाऊक नव्हतं, आणि मोनीरेने सांगितलं नाही. कतायून खानमने एकदा तिच्याकडे पाहिलं आणि नजर पेल्यात घातली.

"हो ना," उस्ताद म्हणाले. "तेहरानला शिकलीय ती. आमच्याकडे कसलं शास्त्र? आम्ही वीट ठेवतो. पडली की पुन्हा ठेवतो."

मुली हसल्या. उस्तादही हसले. त्या हसण्यात कुठे खोच होती का, हे मोनीरेने पुढे कितीतरी वेळा आठवून पाहिलं. नव्हती. त्यांचा चेहरा अगदी खुललेला होता. आपली मुलगी वहीत लिहून घेण्याजोगं काही बोलते आहे, याचाच त्यांना आनंद झाला होता.

दुपारची नमाज झाल्यावर, जेवणाआधी, ते भिंतीपाशी गेले. भिंतीच्या माथ्यावर ठोकलेल्या खुंटीवरून एक सुती दोरा खाली सोडला होता. तीन पदरी, हाताने वळलेला. त्याच्या टोकाला पितळी ओळंबा, आणि ओळंब्याच्या खाली पायाचा दगड. भिंती पुऱ्या झाल्या त्या दिवशी ओळंब्याचं टोक दगडापासून चार बोटं वर होतं. कच्च्या विटांची भिंत वाळत जाते तशी स्वतःच्या वजनाने खाली बसत जाते. भिंत उतरते, तिच्याबरोबर खुंटी उतरते, आणि टोक दगडाजवळ येतं. लागोपाठ तीनदा टोक जागचं हललं नाही की मगच घुमटाची पहिली वीट, असा उस्तादांचा नेम होता.

"पोरी, ये," त्यांनी हाक मारली. "ओठाला लाव आणि सांग."

मोनीरेचे कान तापले. ती सहा वर्षांची असताना ते तिला कामावर न्यायचे. एक तर दोरा धरायला लावायचे, नाहीतर असा टांगलेला दोरा ओठाला लावून ओला की कोरडा ते विचारायचे. ती ऐटीत सांगायची. लहान मुलीला गुंतवून ठेवायचा खेळ होता तो.

"बाबा, लोक आहेत," ती हळूच म्हणाली.

"बरं बरं." त्यांनी दोरा स्वतःच्या ओठाला लावला, मान हलवली, मग खाली बसून टोकाखाली बोटं घातली. "सव्वातीन. गेल्या आठवड्यात साडेतीन होती. उतरतेय अजून."

"मी तेच बोलायला आले होते," मोनीरे म्हणाली. "थांबायची गरज नाही. भिंतीच्या माथ्यावर लोखंडी कडं बसवू या. मी आकडेमोड केलीय. पुढच्या आठवड्यात घुमट धरला तर नौरोजच्या सणाला जागा उघडेल. कतायून खानमने माणसांची नावंसुद्धा नोंदवून घेतलीत."

"तुझी आकडेमोड बरोबरच असणार."

"मग?"

"भिंतीची व्हायचीय अजून."

"बाबा, नकाशा माझा आहे."

तिला वाटलं होतं त्यापेक्षा ते जोरात बोललं गेलं. यदुल्लाचं फावडं थांबलं. उस्तादांनी तिच्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे पाहिलं, आणि गुडघ्यावर हात टेकून उठले.

"तुझाच आहे. म्हणून तर म्हणतोय, हिवाळा जाऊ दे. चल, तुझ्या आईने शोली केलीय. गार झाली तर दोघांनाही ऐकावं लागेल."

संध्याकाळी त्यांनी एका वाडग्यात डाळिंबाचे दाणे सोलून तिच्यापुढे ठेवले आणि बातम्या बघता बघता डुलकी काढली. साधाच दिवस होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते उंबऱ्यावर बसून बूट चढवत होते. आईने आतून विचारलं, भाकरी बांधून देऊ का. उत्तर आलं नाही. एका पायात बूट घालून झाला होता.

*

उस्ताद गेल्यावर तिसऱ्या दिवशी, सातव्या दिवशी, घर माणसांनी भरून जात होतं. आई हलवा परतत होती आणि कुणाला हात लावू देत नव्हती. मोनीरे येणाऱ्याजाणाऱ्यांपुढे खजुराचं तबक धरत होती.

बेकरीवाला तिला म्हणाला, "तुमच्या त्या शाळेला वाऱ्याचा बुरुज उत्तरेला का घेतला ते मला उस्तादांनी समजावून सांगितलं होतं. दोनदा."

यझ्दच्या बसचा ड्रायव्हर म्हणाला, "घुमटाचं भोक किती रुंद ठेवलंय ते विचारा मला."

मोनीरेला काही कळेना. शेवटी आईने खुंटीवरचा उस्तादांचा कोट तिच्या हातात दिला. आतल्या खिशात तिचा नकाशा होता, पहिला, तिने तेहरानहून पाठवलेला. घड्यांवर कागद विरून फाटला होता आणि मागून चिकटपट्टी लावली होती. कोपऱ्यात चहाच्या पेल्याचा गोल डाग होता. नकाशावर त्यांनी पेन्सिलीची एक रेघसुद्धा ओढलेली नव्हती.

"ज्याच्या त्याच्यापुढे उलगडायचे," आई म्हणाली. "मी म्हणायचे, अहो, लोकांना काय कळतंय त्यातलं? तर म्हणायचे, मी सांगतो ना."

मोनीरेने नकाशा होता तसा घडी करून परत खिशात ठेवला. तेहरानात कुणी विचारलं तर ती सांगायची, वडील बांधकामात आहेत. ते खोटं नव्हतं. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे कोट-टाय घातलेला कंत्राटदार उभा राहायचा आणि ती तो तसाच उभा राहू द्यायची.

चाळिसावा दिवस झाल्यावर कतायून खानम आली. आईजवळ बराच वेळ बसली. निघताना अंगणात मोनीरेला म्हणाली, "तुझ्याशी आत्ता हे बोलायला मला बरं वाटत नाही. पण नौरोजला तीस माणसं येतायत. यझ्दहून दुसरा उस्ताद आणू का? किंवा तुझं ते लोखंडी कडं?"

दीड महिन्यापूर्वी मोनीरेने तत्काळ होकार दिला असता. "ओळंबा थांबू दे," ती म्हणाली. "लागोपाठ तीनदा थांबला, की त्या दिवशी काम सुरू. कडं नको."

आता ओळंबा बघणं तिच्याकडे आलं. दुपारी आईजवळ शेजारच्या बायका यायच्या, त्यांना चहापाणी बघावं लागायचं, म्हणून ती दर शुक्रवारी सकाळी उजाडताच बागेत जाऊन यायची. भिंतींच्या माथ्यावर चटया अंथरून दगड ठेवले होते. बोटांऐवजी ती पट्टी लावायची; वडिलांची बोटं जाड होती, तिची बारीक. आकडा वहीत लिहायची. अठ्ठेचाळीस मिलिमीटर. पुढच्या आठवड्यात चव्वेचाळीस. मग चाळीस. बहमन महिन्यात दोन दिवस बर्फ पडलं, नंतर झिमझिम पाऊस आणि सकाळचं धुकं. चाळीस. त्यापुढच्या शुक्रवारी पुन्हा चाळीस.

तीनदा चाळीस झाले. ती पायाच्या दगडाजवळ उकिडवी बसून त्या पितळी टोकाकडे बघत राहिली. मग तिने यदुल्लाला फोन लावला.

हिवाळ्याच्या शेवटी, इस्फंदच्या पहिल्या शनिवारी सकाळी आठ जण हजर झाले. विटा भिजवून रचून ठेवल्या होत्या. कतायून खानम मिठाई घेऊन येणार होती. यदुल्लाने चिखल तयार केला, आणि फावडं टेकून भिंतीकडे बघत उभा राहिला.

"काय झालं, यदुल्लाकाका?"

"काही नाही. ओळंबा थांबला म्हणतेस?"

"तीन आठवडे झाले. वही दाखवू?"

"वही मला काय दाखवतेस? माझी सही मी अंगठ्याने करतो." तो घुटमळला. "कधी बघायचीस?"

"सकाळी. उजाडलं की लगेच."

"सकाळी होय." त्याने मान खाजवली. "उस्ताद सकाळी कधी बघायचे नाहीत. दुपारची नमाज झाली की, जेवायच्या आधी. चाळीस वर्षांत एकदाही सकाळी नाही."

"का?"

"ते मी कधी विचारलं नाही. मला वाटायचं, आम्हाला भुकेलेलं ठेवायला करतात. त्यांचं माप झाल्याशिवाय भाकरी सोडायची नाही, असा कायदा होता. एकदा मी आधी खाल्ली तर आठ दिवस मला जावईबापू म्हणत होते."

मजूर हसले. मोनीरे हसली नाही. ती भिंतीपाशी गेली, दोरा दोन बोटांत धरला, आणि खूप वर्षांनी ओठाला लावला.

दोरा गार होता. ओला होता.

तिचं मन एकदम सहाव्या वर्षात गेलं. धुळीने भरलेली चप्पल, डोक्यावर बापाचा रुमाल. "सांग, उस्तादबाई. ओला की कोरडा?" ओला म्हटलं की ते ओळंब्याकडे पाहतही नसत, म्हणायचे, "मग आज नाही," आणि तिला उचलून खांद्यावर घ्यायचे. कोरडा म्हटलं, तरच खाली वाकायचे. सुती दोरा ओलाव्याने आखडतो. भिंत उतरत होती आणि दोरा तेवढाच आखडून टोक जागच्या जागी धरून ठेवत होता. हे तिला कुठल्या प्राध्यापकाने सांगितलं नव्हतं. हे तिला तीस वर्षांपूर्वी सांगून झालं होतं. खोटं पाडता येणार नाही असं माप कसं घ्यायचं, हे एका माणसाने आपल्या मुलीच्या ओठावर ठेवून दिलं होतं, आणि ती त्याला खेळ समजत आली होती.

"काका," ती म्हणाली, "आज वीट लागणार नाही."

आठही जण तिच्याकडे बघू लागले. यदुल्लाने भिजवलेल्या विटांकडे पाहिलं, केलेल्या चिखलाकडे पाहिलं.

"दुपारपर्यंत थांबू," ती म्हणाली. "ऊन आहे आज. दोरा वाळला की बघू. चूक माझी आहे. रोज तुम्हाला मिळेल."

दुपारी नमाज झाली. कुणी भाकरी सोडली नाही. मोनीरेने दोरा ओठाला लावला. कोरडा होता. कोरड्या सुताचा जो किंचित खरखरीतपणा असतो, तो तिला ओळखू आला. ती खाली बसली आणि पट्टी लावली.

एकतीस.

यदुल्ला तिच्या खांद्यावरून वाकला. त्याला आकडा वाचता येत नव्हता, पण अंतर दिसत होतं.

"नऊ मिलिमीटर," ती म्हणाली. "अर्ध्या बोटाएवढं. आणि अजून उतरतेय."

"आज वीट लावली असती तर?"

"लागली असती. दिसलीही चांगली असती. पावसाळी धुकं सरलं की भिंती खाली जात राहिल्या असत्या, आणि एखाद्या दिवशी माणसं डोळे मिटून बसलेली असताना वरून माती गळू लागली असती."

यदुल्लाने पालथ्या हाताने मिशी पुसली. "मग घ्या भाकरी आता," तो इतरांना म्हणाला. "माप झालं."

कतायून खानम मिठाईचा डबा घेऊन आली तेव्हा आठ माणसं आणि एक इंजिनियर रिकाम्या शाळेत जमिनीवर बसून पनीर-भाकरी खात होती.

"सुरू का नाही झालं?"

"होणार नाही. खोरदादमध्ये होईल, उन्हाळा लागला की," मोनीरे म्हणाली.

"मोनीरे, तीस माणसं येतायत. तूच मला परवा फोनवर म्हणालीस, ओळंबा थांबला."

"चुकीचं म्हणाले."

"हे मी त्यांना सांगू? दोरा ओला होता म्हणून छत नाही?"

मोनीरे उठली. तिने कतायून खानमचा हात धरून तिला भिंतीपाशी नेलं आणि दोरा तिच्या हातात दिला. "ओठाला लावा."

"काय?"

"लावा ना. असंच शिकवतात ते. तुम्ही नाही का, माणसांना आधी श्वास मोजायला लावत आणि मग आसन सांगत?"

कतायून खानमने ओठाला दोरा लावला. तिच्या चेहऱ्यावर आधी राग होता, मग थोडी गंमत. मजुरांची नमाजाची चटई आणून ती भिंतीला टेकून बसली, आणि बराच वेळ वर बघत राहिली. शाळेच्या गोल कडेतून आकाशाचा एक मोठा तुकडा दिसत होता. पाटातलं पाणी आवाज करत होतं.

"घोंगड्या किती मिळतील गावात?" तिने विचारलं.

"कशाला?"

"मी बिनछपराचंच घेते नौरोजला. सकाळी ऊन आत येतं का इथे?"

"दहानंतर येतं. पश्चिमेच्या भिंतीवर आधी."

"मग दहानंतर." ती उठली आणि तिने मिठाईचा डबा यदुल्लापुढे धरला. "घ्या, काका. खारट नाही."

नौरोजला तीस माणसं घोंगड्या पांघरून त्या बिनछपराच्या शाळेत बसली. गावातली म्हातारी मंडळी बांधावर उभं राहून बघत होती. "पैसे देऊन नुसतं बसायचं?" एकजण म्हणाला. "आम्ही जन्मभर फुकट बसलो." दुसरा म्हणाला, "तुझं बसणं ते बसणं नव्हे. तुझी बायको ओरडत असते, त्यांच्याकडे शांत असतं." मोनीरे आईबरोबर बागेच्या टोकाला उभी होती. आईने विचारलं, "ही शाळा तुझी ना?" मोनीरे म्हणाली, "हो." आणि तिला वाटलं, अजून पुरतं खरं सांगितलं नाही आपण.

*

ओळंबा वसंत सरता सरता थांबला. दुपारी, कोरडा दोरा, सव्वीस मिलिमीटर. आठवड्याने सव्वीस. त्याच्या पुढच्या आठवड्याने सव्वीस.

घुमटाला दोराच लागतो. शाळेच्या बरोबर मध्यावर एक खुंटा रोवतात, दोरा त्याला बांधतात, आणि दोऱ्याच्या दुसऱ्या टोकाने प्रत्येक वीट तपासून बसवतात. ज्याच्या हातात दोरा, तो उस्ताद. बाकीचे वीट देतात, चिखल देतात, आणि त्याच्या तोंडाकडे बघतात.

खोरदादच्या त्या सकाळी यदुल्लाने भिंतीवरून ओळंबा सोडवला, दोरा गुंडाळला, आणि कुणाला द्यावा असा आव आणत सगळ्यांकडे पाहिलं. यझ्दहून आलेला एक गवंडी, हिकमत, पुढे सरसावला. त्याने पंधरा घुमट बांधले होते.

"तुला नाही," यदुल्ला म्हणाला. "तू वीट लाव. छान लावतोस." मग दोरा मोनीरेच्या हातात ठेवला. "धरा, खानम. सहा वर्षांच्या होतात तेव्हा धरत होतात. मध्ये जरा सुट्टी झाली, एवढंच."

हिकमतने तिच्याकडे पाहिलं. डोक्यावरचा रुमाल तिने मानेमागे घट्ट बांधला होता, हातात तो विटका दोरा होता. "खानम, कागदावर काढणं वेगळं," तो अदबीने म्हणाला.

"वेगळंच आहे," मोनीरे म्हणाली. "मी चुकताना दिसले तर सांगा. लाजू नका."

पहिल्या दिवशी त्याने तिला चारदा टोकलं. दुसऱ्या दिवशी दोनदा. पाचव्या दिवशी त्याने बसवलेली एक वीट तिने काढायला लावली. त्याने दोरा स्वतः धरून पाहिला, वीट काढली आणि पुन्हा बसवली. मग यदुल्लाला म्हणाला, "हिचे हात कुणासारखे चालतात ते मला आत्ता कळलं. मी एकदा त्यांच्या हाताखाली काम केलंय."

"आणि पळून गेलास," यदुल्ला म्हणाला.

"माती चाखायला लावायचे."

रोज विटांचं एक कडं, कधी दीड. प्रत्येक कडं आधीच्यापेक्षा जरा लहान, जरा आत झुकलेलं. विटा एकमेकींना धरून अधांतरी उभ्या राहत होत्या. एकविसाव्या दिवशी माथ्यावर शेवटचं कडं मिटलं आणि मध्ये आकाशाचं भोक राहिलं, थाळीएवढं. सूर्याचा एक गोल पश्चिमेच्या भिंतीवर पडला. मोनीरे खाली उभी होती. दोरा तिच्या हातात सैल पडला होता. तिला मोठ्याने काहीतरी म्हणायचं होतं. तिने दोरा गुंडाळून खिशात ठेवला.

*

मेहर महिन्यात, डाळिंबं लाल झाली तेव्हा, जागा रीतसर उघडली. तेहरानहून पन्नास-साठ माणसं आली. वास्तुकलेचे प्राध्यापक आले, वर्तमानपत्रवाले आले, गावातला बेकरीवाला आणि बसचा ड्रायव्हर ठेवणीतले कपडे घालून आले. आई पहिल्या रांगेत लोकरी नमद्यावर बसली होती. यदुल्लाने आपल्या बायकोला आणलं होतं आणि तो तिला सांगत होता की वरची प्रत्येक वीट त्याच्या चिखलात बसली आहे. "चिखल दिसत नाही," बायको म्हणाली. "म्हणूनच तर चांगला," तो म्हणाला.

बाहेर ऊन कडक होतं. आत झुळूक पाण्यावरून येत होती. माणसं येताना बोलत आली आणि आत शिरताच त्यांचे आवाज खाली गेले. घुमटाखाली उभं राहून प्रत्येकाने आधी वरच पाहिलं.

मोनीरेने कागदावर दोन पानं लिहून आणली होती. हवा, पाणी, माती, भिंतींची जाडी. पहिलं पान वाचून झालं. दुसरं उलटताना रांगेतून एक हात वर आला. चष्मा लावलेली तीच विद्यार्थिनी होती. या वेळी वही जाड होती.

"खानम, मी गेल्या वर्षी आले होते, तेव्हाही विचारलं होतं," ती म्हणाली. "पण आता घुमट बघितल्यावर पुन्हा विचारावंसं वाटतं. एकही जोड लोखंडाचा नाही. हे तुम्हाला कोणी शिकवलं?"

कतायून खानमने मोनीरेकडे पाहिलं. या वेळी तिने नजर काढली नाही.

मोनीरेने कागदाची घडी घातली. खिशात बोटांना दोरा लागला, कोरडा. आईच्या मांडीवर उस्तादांचा कोट होता, आज का कोण जाणे, ती तो बरोबर घेऊन आली होती. भिंतीवरचा उन्हाचा गोल हळूहळू सरकत होता.

"तुम्हाला गेल्या वर्षी चहा कोणी दिला होता ते आठवतं?" मोनीरेने विचारलं.

मुलीने आठवून पाहिलं. "एक म्हातारे गृहस्थ होते. म्हणाले होते, पडली की पुन्हा ठेवतो."

मागे यदुल्ला हसला आणि खोकला.

"ते शाबान उस्ताद," मोनीरे म्हणाली. तिचा आवाज घुमटाला लागून परत आला, तिच्या अपेक्षेपेक्षा स्पष्ट. ती थांबली नाही. "मी तुम्हाला विद्यापीठ सांगितलं. ते खरं नव्हतं, आणि ते तिथेच उभे होते. मला हे त्यांनी शिकवलं. मी सहा वर्षांची असल्यापासून. ते माझे वडील, मी त्यांची शागीर्द."